रुमालाखालचे ज्ञान, सर्वांसाठी

१७ जून १९९४
कॉलेज उघडले. तत्त्वज्ञान विभागही उघडला, म्हणजे मी खोलीचे कुलूप काढले. विभागात मी एकटाच असल्याने विभागप्रमुखही मीच. यंदा बी.ए. पहिल्या वर्षाला हा विषय घेतलेले विद्यार्थी दोन. एकाला भूगोलात जागा मिळाली नाही. दुसऱ्याला आपण काय घेतले आहे हे अजून कळायचे आहे.

यंदाचे संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा दोनच वेळा. पीएच.डी.चा प्रबंध दिवाळीपर्यंत हातावेगळा करणे. आज उठायला साडेसात झाले, पण सुटीची सवय एका दिवसात जात नसते. प्रकरण पहिले जवळजवळ तयार आहे. फक्त लिहायचे राहिले आहे.

२२ जून
पुण्याच्या एका त्रैमासिकाकडून लेख साभार परत. सोबत चिठ्ठी, की लेखाचा विषय लक्षात आला नाही.

ज्यांचे विषय लक्षात येतात ते लेख कसे असतात हे पाहायला लायब्ररीत गेलो. त्रैमासिक कपाटात. कपाटाला कुलूप. चावी ग्रंथपालाकडे. ग्रंथपाल मतदार याद्यांच्या कामावर शिरूर कासारला. म्हणजे अर्धे ज्ञान पुण्यात अडवले जाते आणि जे सुटते ते इथे माजलगावात कुलपात पडते.

चहा घेताना (तिसरा) विचार सुचला, आणि तो माझ्या आयुष्याचा विचार आहे हे लगेच कळले. संशोधन सर्वांना उघडे असले पाहिजे. फुकट. कुलूप नाही, वर्गणी नाही, संपादक तर नाहीच नाही. देश उघडला, स्टँडवर परदेशी कोला मिळायला लागला, मग ज्ञानच का झाकून ठेवायचे? लेख परत आल्याचा याच्याशी काही संबंध नाही. लेख छापून आला असता तरी हा विचार मला सुचलाच असता. फक्त इतक्या लवकर नाही.

३ जुलै, रविवार
अप्पांच्या आडतीवर गेलो. अप्पा म्हणजे माझे वडील, धोंडप्पा. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, त्यांची आडत आहे, शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देतात. नियमाप्रमाणे लिलाव उघड बोली लावून होतो. प्रत्यक्षात अप्पा गादीवरून उतरतात, खांद्यावरचा लाल रुमाल हातावर टाकतात, व्यापारी रुमालाखाली हात घालतो आणि दोघे एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा. ज्याची ज्वारी आहे तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असतो.

हे मी लहानपणापासून पाहतो आहे. सोळाव्या वर्षी अप्पा मला हे हात शिकवणार होते. मी नकार दिला, कारण त्या वर्षी मी तत्त्वज्ञान वाचायला सुरुवात केली होती. अप्पांनी तेव्हापासून विषय काढला नाही. मी त्यांचा एकुलता एक मुलगा असल्याने आडत त्यांच्यामागे कोण चालवणार हा प्रश्न आहे, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या सिद्धान्ताला नाव मिळाले: रुमालमुक्ती.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर सभागृहात माझे जाहीर व्याख्यान ठेवले होते. विषय: ज्ञान सर्वांसाठी उघडे करा. सभागृहाला कुलूप होते. शिपाई बुंदी घेऊन घरी गेला होता. प्राचार्य सुंदरराव म्हणाले की पुढे कधीतरी ठेवू. मी मागे हटणाऱ्यांतला नाही. पायऱ्यांवर उभा राहून बोललो.

श्रोते चांगले होते. एन.सी.सी.ची मुले रांगेत उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती, एकही हलला नाही. नंतर कळले की त्यांना विश्राम म्हणायचे राहून गेले होते. तरीही शिस्तीने ऐकणारा वर्ग मराठवाड्यात आहे हे सिद्ध झाले.

प्रबंध: आज सुटी.

२८ ऑगस्ट
मोठा निर्णय. नुसते बोलून उपयोग नाही, काहीतरी उघडून दाखवले पाहिजे. मोंढ्याचे हात हे कुठल्याही पुस्तकात नसलेले ज्ञान आहे. ते मी शिकणार, लिहिणार, आणि फुकट वाटणार. जगातले पहिले रुमालमुक्त संशोधन माजलगावातून निघेल.

संध्याकाळी अप्पांना म्हणालो की मला हात शिकायचेत. अप्पा जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. मग म्हणाले, "या वयात का हुईना, बसतूस न्हवं गादीवर? मंग बास." आणि भाकरी अर्धी टाकून बैठकीतून रुमाल घेऊन आले.

मी पुस्तकाचे काही बोललो नाही. संशोधनात ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याला हेतू सांगितला तर माहिती बिघडते.

११ सप्टेंबर
अप्पांचे संशोधनास उत्तम सहकार्य. रोज संध्याकाळी तासभर. एक बोट धरले तर एक, पंजा धरला तर पाच, मनगटावर टिचकी म्हणजे पुढे शून्य. शेवटी तळहातावर अंगठा दाबायचा, म्हणजे सौदा पक्का. अंगठा एकदा दाबला की मग माघार नाही. अप्पा म्हणतात की त्यांच्या अंगठ्याला मोंढ्यात बँकेच्या शिक्क्यापेक्षा जास्त किंमत आहे. हे वाक्य प्रस्तावनेत घेता येईल.

माझी मुलगी ईश्वरी तिसरीत आहे. अभ्यास सोडून आमच्या मध्ये येऊन बसते, अप्पा तिचाही हात रुमालाखाली घेतात. मी दोनदा रागावलो. पोरीच्या जातीला हे काय करायचे, असे नाही, मी तसल्या विचारांचा नाही. पण माझी एकाग्रता जाते.

२ ऑक्टोबर
अप्पांनी कापड दुकानातून माझ्यासाठी नवा रुमाल आणला. लाल, पिवळ्या काठाचा. मोंढ्यात पेढे वाटले म्हणे. कशाबद्दल ते सांगितले नाही. बहुधा कापसाचा भाव वाढला असावा.

प्रबंध: रुमालाचा भाग पूर्ण झाला की प्रकरण पहिल्याकडे वळणे.

९ ऑक्टोबर
प्रत्यक्ष चाचणीसाठी सिरसाळ्याच्या बाजारात गेलो होतो. तिथे जनावरांचे सौदे असेच होतात. अप्पांचे नाव सांगितल्यावर एका म्हातारबांनी लगेच रुमाल पुढे केला. मी हात घातला. केवळ निरीक्षण. त्यांनी बोटे धरली, मी धरली. सगळे बरोबर कळत होते. त्यांनी दोनदा भाव बदलला, तोही कळला. मग अंगठा दाबून पाहिला, कारण पक्क्याची खूण मला नीट जमते की नाही ते तपासायचे होते.

जमते.

म्हैस टेम्पोतून आणली. पैशाचे काय म्हणून विचारले तर म्हातारबा म्हणाले की अप्पांच्या पोराचा अंगठा हाय, येतील तवा येतील. घरी शांतादेवीने, म्हणजे बायकोने, दारात उभी राहून विचारले की ही कुणाची. मी म्हणालो, संशोधनाची. ती पाणी पाजायला बादली घेऊन आली.

१० ऑक्टोबर
म्हैस भाकड आहे असे शेजारी म्हणतात. शेजाऱ्यांना संशोधनातले काय कळते.

१४ नोव्हेंबर
पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर नाव: "रुमालाखालचे ज्ञान, सर्वांसाठी". त्याखाली: "ही पुस्तिका कोणीही वाचावी, कोणीही छापावी, कोणालाही द्यावी." छापखानेवाल्याने विचारले की आतल्या पानावर काय टाकू, सगळे टाकतात. म्हणालो, सगळे टाकतात ते टाका. आता आतल्या पानावर आहे: "सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन. लेखकाच्या सहीशिवाय प्रत खोटी समजावी."

यात विसंगती नाही. बाहेरचे पान तत्त्व सांगते, आतले व्यवहार. दिवसभर सह्या करत बसलो. बोट दुखते.

२० नोव्हेंबर
वाटप. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या स्टँडजवळ थांबल्या होत्या, तिथे दिल्या. मोंढ्यात प्रत्येक दुकानात, हमालांना, चहाच्या हॉटेलात दिल्या. सगळ्यांनी घेतल्या. पुण्याच्या त्या त्रैमासिकाचा अंक इतक्या हातांत कधी गेला असेल असे वाटत नाही.

अप्पांना एक प्रत गादीवर ठेवून आलो. चष्मा घरी असल्याने त्यांनी तेव्हा पाहिली नाही.

२१ नोव्हेंबर
मोंढ्यात शांतता. लोक वाचत असावेत.

२३ नोव्हेंबर
सुग्रीव घरी आला. हा मोंढ्यातला मोठा व्यापारी, अप्पांचा माल वीस-पंचवीस वर्षे घेतो. मला वाटले अभिनंदनाला आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "सर, तुमी लिवलंय त्यात खोटं एक अक्षर न्हाई. पर आता अप्पाच्या हातात हात कोन देईल? आज ठरलेलं उद्या छापून यायचं."

मी त्याला समजावले की हेच तर रुमालमुक्तीचे यश आहे. त्याने चपला पायात सरकवल्या आणि गेला.

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "पुस्तक करायचं हुतं तर सांगायचं हुतंस. पोरगं गादीवर बसाया लागलं म्हनून मी लोकाला पेढे कशाला वाटले असते?"

म्हणजे पेढे त्यासाठी होते. आवाज चढवला नाही त्यांनी. मला वाईट वाटले. पण प्रत्येक नव्या विचाराला घरातून विरोध होतोच, आणि तो तुलनेने सौम्य झाला.

२६ नोव्हेंबर
अप्पांनी माझा पिवळ्या काठाचा रुमाल धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवला. मागितला तर म्हणाले की तुला काय करायचाय, तुझं तर उघडं असतं.

८ डिसेंबर
पुस्तिकेचा पहिला परिणाम. केसापुरीकडची बायनाबाई म्हणून एक शेतकरीण मूग घेऊन मोंढ्यात आली. तिने पुस्तिका लेकीकडून वाचून घेतली होती. व्यापारी हात घालायच्या आधी हिनेच पदर हातावर टाकला आणि हात पुढे केला. मोंढा हसला म्हणे. पण त्या दिवशीच्या भावापेक्षा जास्त घेऊनच बाई परत गेली.

मला हे हमालाकडून कळले. बाईने माझा किंवा पुस्तिकेचा कुठेही उल्लेख केला नाही. संदर्भ देण्याची पद्धत खेड्यापर्यंत पोचलेली नाही. यावर एक लेख लिहिणे.

१९ जानेवारी १९९५
अप्पा महिनाभर नुसते गादीवर बसून. समोर माल येत नाही. मी म्हणालो की विश्रांती मिळते आहे ते बरेच. शांतादेवीने माझ्याकडे असे पाहिले की मी कॉलेजला तासभर आधीच गेलो. तासाला विद्यार्थी नव्हते. निदान वेळेवर पोचलो.

२ मार्च
आनंदाची बातमी. अप्पांच्या दुकानात पुन्हा वर्दळ. सुग्रीव आणि सगळे येतात. कळले की व्यापाऱ्यांनी बसून सगळे हात बदलले. बोटे तीच, अर्थ वेगळे. म्हाताऱ्या अप्पांना सगळे नव्याने शिकावे लागले. त्यांना परत घेताना सगळ्यांची एक अट होती, ती काय हे मला कोणी सांगत नाही.

म्हणजे माझ्या पुस्तिकेने एक अख्खी भाषा बदलली. हे कुठल्या विद्यापीठात कुणाला जमले आहे? दुसऱ्या आवृत्तीसाठी नवे हात मिळवणे. अप्पांना उद्याच विचारतो.

३ मार्च
विचारले. अप्पा म्हणाले, बघू.

२० डिसेंबर
शांतादेवीने म्हैस कुठल्याशा डॉक्टरला दाखवली, औषधपाणी केले. म्हैस व्याली. दूध भरपूर. कॉलनीत रतीब सुरू. मोंढ्यातले लोक म्हशीला "थिशिस" म्हणतात. "सरांची थिशिस किती देते?" असे भर रस्त्यात विचारतात. मी लक्ष देत नाही. म्हातारबाचे पैसे शांतादेवीने दुधातून फेडले.

प्रबंध: प्रकरण पहिले पुन्हा पहिल्यापासून बघावे लागेल, कारण हात बदलले.

१४ फेब्रुवारी १९९६
एक गंमत लक्षात आली आहे. मी दुकानात गेलो की चालू असलेले बोलणे थांबते. रुमालाखाली हात असतातच. मी पायरी चढतो तेवढ्यात अप्पांच्या बाजूने रुमाल अंगठ्यापाशी हलतो, लगेच हात बाहेर येतात आणि व्यापारी उठतो. अंगठा म्हणजे पक्का. म्हणजे मी आलो की सौदा पक्का होतो. तीनचार वेळा पाहिले, दर वेळी तसेच.

माझा पायगुण चांगला आहे हे शांतादेवीला सांगितले. ती दूध मोजत होती, माप चुकले.

६ ऑगस्ट १९९७
शिरूर कासारहून एका हायस्कूल शिक्षकाचे पोस्टकार्ड. नाव अमरनाथ. माझ्या पुस्तिकेबद्दल कुणाकडून ऐकले, वाचायची इच्छा आहे, एक प्रत पाठवावी. पहिला वाचक! स्वतःहून मागणारा पहिला वाचक!

आता प्रती थोड्याच उरल्यात. त्या कपाटात आहेत, कपाटाची चावी माझ्या कडदोऱ्याला आहे. पोस्टात गहाळ झाली तर? शिवाय वाचून तो काय करेल, कुणाला देईल, काय सांगता येते. उत्तर लिहिले की पुस्तिका सर्वांना मुक्त आहे, आपण कधीही माजलगावला यावे आणि माझ्या समक्ष, माझ्या घरी बसून वाचावी. येताना मुख्याध्यापकांचे ओळखपत्र आणावे.

२९ ऑगस्ट १९९७
अमरनाथ आले नाहीत. खरी ज्ञानाची भूक असणारे लोक कमी झाले आहेत.

११ जानेवारी १९९९
प्राचार्य सुंदररावांनी बोलावले. पीएच.डी.ची नोंदणी संपली. बढतीच्या यादीत माझे नाव नाही. मी त्यांना सांगितले की पदवी हेही एक प्रकारचे कुलूपच असते, आणि मी कुलपांच्या विरोधात आहे. ते म्हणाले की तसे असेल तर प्रश्नच मिटला. प्रश्न मिटल्याने हलके वाटले. घरी आल्यावर जेवलो नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

ईश्वरी हल्ली शाळा सुटली की दुकानात बसते. अप्पांची दृष्टी कमी झाली म्हणून पावत्या तीच लिहिते. मी शिकवणीला घालतो म्हणालो तर दोघे आजा-नात एकमेकांकडे बघून हसले.

१ नोव्हेंबर २०००
बीडला गेलो होतो. तिथे इंटरनेटचे दुकान झाले आहे. संपूर्ण पुस्तिका टाईप करून घेतली आणि जगावर टाकली. फुकट, कुणालाही, कुठूनही. दुकानातल्या मुलाने पान उघडून दाखवले. अक्षरांच्या जागी सगळे इंग्रजी कचऱ्यासारखे दिसत होते, मध्ये मध्ये डॉलरची खूण. तो म्हणाला की मराठी फॉन्ट समोरच्याच्या मशीनवर पाहिजे, नसला तर असेच दिसणार.

म्हणजे माझे संशोधन आता पृथ्वीवरच्या प्रत्येकाला मोफत वाचायला खुले आहे. फक्त वाचता येत नाही. ही तांत्रिक बाब आहे.

खाली आकडा येतो, किती जणांनी पाहिले त्याचा. मी पान उघडले की तो वाढतो.

३ मार्च २००२
इंटरनेटवर वाचले: परदेशात काही विद्वानांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला आहे, की संशोधन सर्व जगाला मोफत आणि उघडे असले पाहिजे. शब्दशः माझा विचार. त्याला "ओपन ॲक्सेस" असे नाव दिले आहे. रुमालमुक्ती जास्त चांगले होते. माझे नाव कुठे नाही, पण त्यांना मराठी फॉन्ट मिळाला नसणार.

आठ वर्षांपूर्वी माजलगावच्या मोंढ्यात जे सुरू झाले ते जगाने मान्य केले. उद्या सकाळी अप्पांना सांगायचे. उद्या पाचला उठायचेच.

४ मार्च
उशीर झाला. अप्पा दुकानात गेले होते. मी गेलो, पायरी चढलो, रुमाल हलला, व्यापारी उठला. मी सांगितले. अप्पा म्हणाले, बरं.

२९ मार्च
अप्पा दुकानातच पडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली. वाचा गेली. सुग्रीवने जीपमध्ये घालून बीडला नेले. मी कॉलेजात होतो, मला नंतर कळले. ईश्वरी त्यांच्यासोबत होती.

काही सुचत नाही.

८ एप्रिल, सकाळी दहा
अप्पांना घरी आणले. डावा हात चांगला आहे. डोळे सगळे पाहतात. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले की समजते सगळे.

सकाळी शेजारी स्टूल घेऊन बसलो. शांतादेवी दूध घालायला गेली होती, ईश्वरी आतल्या खोलीत. आम्ही दोघेच. काय बोलावे कळेना म्हणून परदेशातल्या जाहीरनाम्याचे सगळे पुन्हा सांगितले. की अप्पा, तुमच्याकडून शिकलेलेच होते ते. की मी चुकलो नव्हतो, नुसता लवकर बोललो. की पेढ्यांचे मला माहीत असते तर मी आधी विचारले असते. हे शेवटचे कसे तोंडातून गेले माहीत नाही, ते बोलायचे ठरवले नव्हते.

अप्पांनी चादरीखालून डावा हात काढला आणि माझा हात धरून चादरीखाली नेला. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यांची बोटे अजून तशीच घट्ट आहेत. मग माझ्या तळहातावर अंगठा दाबला. थांबून पुन्हा दाबला. चांगला जोर लावून.

पक्का.

माझ्या डोळ्यांत पाणी आले. हे लिहायला लाज वाटत नाही, वाचणारे कोणी नाही. पुण्याच्या त्रैमासिकाने परत पाठवले, विद्यापीठाने नोंदणी रद्द केली, माझ्या अप्पांनी अंगठा दिला. ज्या अंगठ्याला मोंढ्यात बँकेपेक्षा जास्त किंमत आहे तो.

संकल्प: दुसरी आवृत्ती काढणे, अप्पांना अर्पण. कपाटातल्या सगळ्या प्रती शिरूर कासारला पाठवून देणे. सुटीत रोज दुकानात बसणे, खरोखर बसणे. प्रबंधाचे पुढे बघू.

८ एप्रिल, संध्याकाळी
दुपारच्या चहाला शांतादेवीला सांगितले. कसा धरला, कसा दाबला, माझ्या हातावर केले तसे तिच्या हातावर करून दाखवले. तिने कप खाली ठेवला आणि ईश्वरीकडे बघितले. ईश्वरी खाली बघत होती. मी म्हणालो, काय झाले?

ईश्वरी म्हणाली, "पप्पा, पक्क्याचं ते जुनं झालं. तुमचं पुस्तक आल्यावर समदं बदललं. आता अंगठा दाबला म्हंजी, बाहेरचा मानूस बसलाय, आता बोलू नका."

मी विचारले की हे तिला कसे माहीत. म्हणाली, अप्पांनी शिकवलं, मी सहावीत असल्यापासून येतं मला. मी विचारले की मला कोणी का नाही सांगितले. तर म्हणाली की तीच तर अट होती.

मी हिशोब लावायला लागलो. पायरी चढलो की रुमाल हलायचा, ते. मग लावायचे थांबवले.

शांतादेवी म्हणाली की आजारी माणूस आहे, त्यांना जुनंच आठवलं असेल, तुम्ही तुमचाच अर्थ धरा. ती असे कधी बोलत नाही. म्हणून मला कळले की तसे नसावे.

सकाळी खोलीत तिसरे कोणी नव्हते.

बऱ्याच वेळाने मी ईश्वरीला म्हणालो की मला नवे हात शिकव. छापणार नाही, लिहिणार नाही, या वहीतसुद्धा नाही. नुसते अप्पांशी बोलायचे आहे. तिने आतल्या पलंगाकडे पाहिले. मग म्हणाली, "मला कसं सांगता येईल पप्पा? अप्पांना इचारते."

ती आत गेली. जाताना ट्रंकेतून पिवळ्या काठाचा रुमाल काढून घेतला. तो कुठे असतो ते तिला माहीत होते. आता दोघे बोलत आहेत. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो आहे. इथून पलंग दिसतो, रुमाल दिसतो, मध्ये मध्ये तो हलताना दिसतो. काय चालले आहे ते कळत नाही. शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही असेच दिसत असणार.

शांतादेवी म्हशीची धार काढून आली, दूध गाळून झाले, दिवा लावून झाला. दार उघडेच आहे. मला अजून आत बोलावलेले नाही.